बंदूक कोणाच्या हाती, कोणत्या कायद्याने?

भारतात कोणत्याही राज्याच्या विधानसभेला बंदुकीविषयी कायदा करता येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय संघसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. त्यावर कायदा करण्याचा अधिकार एकट्या संसदेचा. अमेरिकेत फ्लोरिडा एक कायदा करते, न्यू यॉर्क दुसरा आणि टेक्सास तिसराच. आपल्याकडे तसे होऊ नये, याची तजवीज घटनाकारांनी करून ठेवली. तरीही छत्तीसगड विधानसभेने २०११ मध्ये एक कायदा केला आणि त्यामुळे हजारो तरुणांच्या हातातील बंदूक कायम राहिली. ती त्यांच्या हातातून काढून घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितले होते. राज्याने यासाठी शस्त्रांच्या विषयाला हातच लावला नाही. राज्यसूचीत दुसऱ्या क्रमांकावर पोलीस हा विषय आहे. त्या दाराने ते आत आले.

मला हा कायदा आजच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो, कारण स्वसंरक्षण आणि शस्त्र यांची सांगड घालणारी भाषा देशात पुन्हा ऐकू येते आहे. आसामच्या मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये धुबरी, बारपेटा, गोआलपारा, नगाव यांसारख्या जिल्ह्यांतील मूळनिवासी नागरिकांना शस्त्रपरवाने देण्याची योजना मंजूर केली. जम्मू-काश्मीरमध्ये १९९५ पासूनच्या ग्रामसंरक्षण समित्यांना २०२२ मध्ये नवे रूप मिळाले. उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या निमित्ताने ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द छत्तीसगडचा निकाल राष्ट्रीय वादाचा विषय झाला. तो निकाल देणारे बी. सुदर्शन रेड्डी विरोधी पक्षांचे उमेदवार होते. हा निकाल आला नसता तर नक्षलवाद २०२० पूर्वीच संपला असता, असे केंद्रीय गृहमंत्र्यांनी म्हटले. त्यावर काही निवृत्त न्यायमूर्तींनी आक्षेप घेतला. निकाल न वाचता बोलणाऱ्यांची संख्या दोन्ही बाजूंना मोठी होती, हे सांगायला हरकत नाही.

भिलाईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात फिरताना हा विषय अगदी वेगळ्या पातळीवर भेटतो. इथे बस्तरचे जंगल नाही. जगदलपूर सुमारे तीनशे किलोमीटर दूर. इथे रोलिंग मिल, फॅब्रिकेशनचे कारखाने, लोखंडी पत्र्यांनी भरलेले ट्रक आणि प्रत्येक फाटकावर एक चौकीदार. काही फाटकांवर चौकीदाराशेजारी गनमॅनही असतो. खांद्याला बारा बोअरची दुनळी, कमरेला काडतुसांचा पट्टा. भिलाईत मराठी घरे पुष्कळ आहेत. पोलाद कारखान्याच्या पहिल्या फळीत विदर्भातून आलेले कामगार होते, आणि आजही गोंदिया, भंडाऱ्याकडून माणसे येत असतात. तशाच एका गनमॅनशी माझे बोलणे झाले. भंडाऱ्याकडचा माणूस, लष्करातून निवृत्त झालेला. बंदूक कारखान्याची की एजन्सीची, असे विचारल्यावर तो हसला. ‘‘साहेब, बंदूक माझीच आहे. परवाना माझ्या नावावर आहे. बंदूक आहे म्हणून पगार दोन पैसे जास्त. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा होते, तेव्हा मग मी नुसता चौकीदार.’’ कधी चालवावी लागली का, यावर तो म्हणाला, ‘‘चालवायची नसतेच ती. दिसली पाहिजे, बस.’’

या माणसाच्या परवान्यावर उद्देश म्हणून ‘स्वसंरक्षण’ लिहिलेले आहे. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या पत्र्यांचे आणि सळयांचे रक्षण करतो. यात त्याचा दोष काही नाही. आपल्या शस्त्रव्यवस्थेचा खरा चेहरा मात्र इथे दिसतो: कागदावर बंदूक व्यक्तीच्या जिवासाठी असते आणि व्यवहारात ती जिथे मालमत्ता आहे तिथे जाऊन उभी राहते.

कायद्याची स्थिती आधी नीट पाहिली पाहिजे, कारण तिच्याविषयी दोन उलटसुलट गैरसमज आहेत. पहिला असा की, भारतीय माणसाला स्वतःचा बचाव करण्याचा हक्कच नाही. तो आहे, आणि चांगला भक्कम आहे. जुन्या दंडसंहितेतील कलम ९६ ते १०६ आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ म्हणून आली आहेत. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहेत. आपल्या शरीराचा आणि दुसऱ्याच्याही शरीराचा, आपल्या मालमत्तेचा आणि दुसऱ्याच्याही मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क त्यांत आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो हक्क जातो. रात्रीची घरफोडी किंवा राहत्या घराला लावलेली आग यांनाही तो लागू आहे. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे मांडली आणि कायदा पाळणाऱ्या माणसाने हल्ल्यापुढे भ्याडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे स्पष्ट केले. फ्लोरिडाने २००५ मध्ये ‘माघार घेण्याचे बंधन नाही’ असा जो कायदा केला आणि ज्याची तिथे एवढी चर्चा झाली, त्याचा गाभा आपल्याकडे मेकॉलेच्या मसुद्यापासून वेगळ्या शब्दांत वावरत आला आहे.

दुसरा गैरसमज असा की, बचावाचा हक्क आहे म्हणजे बंदूक बाळगण्याचाही हक्क आहे. तो नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांविषयी स्वतःहून दखल घेताना न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी अमेरिकेशी असलेला हा फरक बोलून दाखवला होता. तिथे शस्त्र हा मूलभूत हक्क आहे. आपल्या घटनाकारांनी तो तसा दिला नाही.

दिला नाही, म्हणजे विसरला नाही. १८७८ च्या लिटनच्या कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. त्या अपमानाची आठवण स्वातंत्र्य चळवळीत कायम होती. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क लिहिलेला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी याच आधारावर दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला असेल, तर राज्य चालवायचे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. आग्रह धरायचा तर शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा, असेही ते म्हणाले. देशावर संकट आले तर नागरिकाने शस्त्र हाती घ्यावे, ही ती भूमिका. आज गन राइट्सचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींना कराचीचा ठराव आवडतो, पण बाबासाहेबांचे उत्तर ते सहसा सांगत नाहीत.

या पुरस्कर्त्यांची बाजू मात्र मला सरसकट उडवून लावावीशी वाटत नाही. नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया ही संघटना गेली पंधराएक वर्षे हे म्हणत आली आहे की, कायदा परवाना द्या म्हणतो आणि प्रशासन तो अडवून ठेवते. शस्त्र कायद्याचे तेरावे कलम वाचले तर ही तक्रार पोकळ नाही, हे दिसते. संरक्षणासाठी ठरावीक लांबीच्या नळीची साधी बंदूक मागणाऱ्या आणि तिचे योग्य कारण असलेल्या नागरिकाला परवाना ‘द्यावा’ असे ते म्हणते. त्यापुढचे कलम आणखी महत्त्वाचे आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे संसदेने १९५९ मध्येच लिहून ठेवले. समतेचे इतके स्पष्ट वाक्य फार थोड्या कायद्यांत सापडते, आणि इतके निरुपयोगीही. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या बाईला रात्रपाळी संपवून हथखोजच्या अंधाऱ्या रस्त्याने घरी जावे लागते, तिच्या वर्षभराच्या कमाईशी ही किंमत ताडून पाहा. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील परवानाधारक शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. त्या वेळी झालेला विरोध कोणाचा होता? तीन बंदुका असलेल्यांचा.

परवाना असला, बंदूक असली, तरी बचाव होतोच असे नाही. याचे सर्वांत बोचरे उदाहरण भिलाईतच आहे. छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे शंकर गुहा नियोगी दल्ली राजहराच्या खाणकामगारांना संघटित करून १९९० च्या सुमारास भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांकडे वळले. जिवाला धोका आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ते आपल्या डायरीत आणि ध्वनिफितीत नोंदवले होते. सप्टेंबर १९९१ मध्ये त्यांनी दिल्लीला जाऊन राष्ट्रपतींना निवेदनही दिले. २८ सप्टेंबरच्या पहाटे हुडको वसाहतीतील घरात ते झोपलेले असताना खिडकीतून गोळी झाडण्यात आली. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये गोळी झाडणाऱ्यासह काही उद्योजकांनाही दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांना सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये गोळी झाडणाऱ्या एकट्याला जन्मठेप दिली. बाकीच्यांची सुटका कायम राहिली. झोपलेल्या माणसाला कोणते कलम वाचवणार? त्याने आधी जे कागद लिहिले, त्यांची दखल वेळेवर कोणी घेतली असती, तर कदाचित काही झाले असते.

पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाईच्या पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक कामगार मारले गेले. छत्तीसगडचा औद्योगिक पट्टा आणि त्याचे जंगल यांच्यामधला धागा इथे दिसतो. हथखोजच्या मिलमध्ये वितळणारे लोखंड कुठून तरी येते. दल्ली राजहराचे साठे संपत आल्यावर भिलाई पोलाद कारखान्याची भिस्त रावघाटवर आली. नारायणपूर-कांकेरच्या त्या डोंगराकडे जाणारा रेल्वेमार्ग सशस्त्र सीमा बलाच्या पहाऱ्यात टाकला गेला. तेव्हा बस्तरमध्ये बंदूक कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न भिलाईला परका नाही.

आता त्या २०११ च्या कायद्याकडे येतो.

जून २००५ मध्ये तेव्हाच्या दंतेवाडा जिल्ह्याच्या विजापूर भागात सलवा जुडूम सुरू झाले. माओवाद्यांच्या जाचाला कंटाळलेल्या गावकऱ्यांनी उभारलेली चळवळ, असे राज्याचे म्हणणे होते. काँग्रेसचे महेंद्र कर्मा तिचे नेते आणि राज्यात भाजपचे सरकार, असा दुर्मीळ मेळ तिच्यापाठी होता. तिच्या जोडीला राज्याने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमले. आधार होता छत्तीसगड पोलीस कायदा, २००७ च्या नवव्या कलमाचा. पाचवी उत्तीर्ण असल्यास प्राधान्य, महिना तीन हजार रुपये मानधन, दोन महिन्यांचे प्रशिक्षण आणि हातात बंदूक. इतिहासकार रामचंद्र गुहा, माजी सनदी अधिकारी ई. ए. एस. शर्मा आणि समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

राज्याचा बचाव वाचण्यासारखा आहे. हे तरुण स्वेच्छेने येतात, असे राज्याने सांगितले. त्यांच्या घरच्यांवर नक्षल्यांनी अत्याचार केले आहेत, त्यांना आपले घरदार वाचवायचे आहे. त्यांचा उपयोग वाटाड्या म्हणून, दुभाषी म्हणून, माओवाद्यांची ओळख पटवण्यासाठी होतो. म्हणजे जो युक्तिवाद अमेरिकेत बंदूकहक्काचे पुरस्कर्ते करतात, तोच इथे राज्य करत होते. फरक एवढाच की, तिथला नागरिक राज्यापासूनही स्वतःला वाचवण्याची भाषा बोलतो आणि इथे राज्यच नागरिकाला पुढे करून त्याच्यामागे उभे होते. त्याच प्रतिज्ञापत्रांत आणखी एक आकडा होता: १७३ विशेष पोलीस अधिकारी कर्तव्य बजावताना मारले गेले. वाटाड्या आणि दुभाषी एवढ्या संख्येने मरत नसतात, हे न्यायालयाच्या ध्यानात आले.

प्रशिक्षणाचा तपशीलही राज्यानेच दिला. कायद्याच्या २४ तासिका, मानवी हक्क आणि घटनेच्या १२, न्यायवैद्यकाच्या ६. ज्या मुलाला पाचवीपर्यंतचे शिक्षण मिळाले आहे, त्याने एवढ्या तासिकांत दंडसंहिता, पुरावा कायदा आणि फौजदारी प्रक्रिया समजून घ्यायची. स्वसंरक्षणाचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावर आपली न्यायालये वर्षानुवर्षे खल करतात. हल्ल्याची भीती वाजवी होती का, दिलेली इजा गरजेपेक्षा जास्त होती का, पोलिसांकडे जाण्याइतका वेळ होता का. हे प्रश्न जंगलात, रात्री, ज्याच्या भावाला सहा महिन्यांपूर्वी मारले आहे अशा अठरा-वीस वर्षांच्या मुलाने क्षणात सोडवायचे होते. ५ जुलै २०११ रोजी न्या. सुदर्शन रेड्डी आणि न्या. सुरिंदरसिंग निज्जर यांनी ही पद्धत घटनेच्या कलम १४ आणि २१ चा भंग ठरवली. या तरुणांचा माओवादविरोधी कारवायांत वापर थांबवा, त्यांच्याकडील सर्व अग्निशस्त्रे परत घ्या, आणि त्यांच्या जिवाला संरक्षण द्या, असे तीन आदेश त्यात होते. तिसरा आदेश टीकाकार नेहमी गाळतात. न्यायालयाने त्यांना वाऱ्यावर सोडले नव्हते.

या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटणारी बाजू मात्र चर्चेत फारशी येत नाही. बचावाच्या हक्काला जी मर्यादा जुन्या संहितेत कलम ९९ ने घातली आणि नव्या संहितेत कलम ३७ ने, ती अशी: लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने, सद्भावनेने काही कृती करत असेल, आणि तिच्यामुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर ती कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध बचावाचा हक्क मिळत नाही. आणि २००७ च्या पोलीस कायद्याने विशेष पोलीस अधिकाऱ्याला साध्या पोलिसाचे सर्व अधिकार आणि संरक्षण दिले होते. आता गावातले चित्र डोळ्यांसमोर आणा. काल शेजारच्या पाड्यावर राहणारा मुलगा आज बंदूक घेऊन दारात उभा आहे. तो घराची झडती घेतो, धान्य बाहेर काढतो, म्हाताऱ्याला ओढत नेतो. काल त्याला अडवणे हा घरमालकाचा हक्क होता. आज तो मुलगा लोकसेवक आहे; त्याला अडवणे हा गुन्हा ठरू शकतो. समोरचा माणूस लोकसेवक आहे हे माहीत नसेल किंवा तसे समजायला कारण नसेल तर सूट आहे, असे कायदा म्हणतो खरे. पण गणवेशाचा पत्ता नसलेल्या त्या काळात कोणाला काय माहीत होते, हे कोर्टात कोण सिद्ध करणार? राज्याने एका बाजूला बंदूक दिली, आणि त्याच कागदाने दुसऱ्या बाजूचा स्वसंरक्षणाचा हक्क कापला. आदिवासींना आत्मरक्षणासाठी शस्त्र दिले, असे म्हणताना कोणत्या आदिवासीला, हे विचारले पाहिजे.

मार्च २०११ मध्ये ताडमेटला, मोरपल्ली, तिम्मापूर ही गावे जाळली गेली. त्या प्रकरणाची सीबीआय चौकशीही याच निकालाने लावली, आणि २०१६ मध्ये सीबीआयने जी आरोपपत्रे दाखल केली, त्यांत विशेष पोलीस अधिकारीही होते.

निकालानंतर काही महिन्यांतच रायपूरने उत्तर दिले. आधी अध्यादेश आणि मग छत्तीसगड सहायक सशस्त्र पोलीस दल कायदा, २०११. ज्यांच्या हातची बंदूक काढून घ्यायची होती, तेच तरुण छाननी समितीतून जाऊन या दलाचे सदस्य झाले. कायद्याची भाषा निकालाकडे बघत बघत लिहिलेली आहे. प्रशिक्षण किमान सहा महिन्यांचे. कारवाईत आघाडीवर तैनात करायचे नाही. नेहमी सुरक्षा दलांच्या देखरेखीखाली ठेवायचे. हा न्यायालयाचा अवमान आहे, अशी याचिका दाखल झाली आणि ती तेरा-चौदा वर्षे पडून राहिली. १५ मे २०२५ रोजी न्या. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी ती निकालात काढली. विधिमंडळाने कायदा करणे हा अवमान होऊ शकत नाही. कायदा घटनाबाह्य वाटत असेल तर त्याला वेगळे आव्हान द्या, असे त्यांनी सांगितले.

सत्ताविभाजनाच्या दृष्टीने हे म्हणणे मला बरोबर वाटते. न्यायालयाच्या निकालाचा पाया बदलून नवा कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहेच, आणि तो अवमानाच्या धाकाखाली ठेवणे लोकशाहीला परवडणारे नाही. पण याचा अर्थ २०११ च्या कायद्याची घटनात्मक परीक्षा झाली असा होत नाही. ती अजून झालेलीच नाही. समानतेचा जो प्रश्न सुदर्शन रेड्डींनी उपस्थित केला, की अल्पशिक्षित आदिवासीला कमी पगारात, कमी हमीवर, जास्त धोक्याच्या कामाला का लावायचे, तो सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाने सुटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सहायक आरक्षकांची कुटुंबे वेतनवाढ आणि सुविधांसाठी रायपूरला आंदोलनाला आली होती. घरदार वाचवण्यासाठी स्वेच्छेने आलेल्यांच्या बायका दहा वर्षांनी नियमित पोलिसाइतका पगार मागत होत्या. त्यांच्या मागणीत मला राज्याच्या जुन्या प्रतिज्ञापत्राचे खरे उत्तर दिसते.

मराठी वाचकाला इथे गडचिरोली आठवेल, आणि आठवावीच. महाराष्ट्राने १९९० मध्ये सी-६० हे पथक उभारले, तेव्हा त्यातही स्थानिक तरुणच घेतले. गोंडी-माडिया बोलणारे, जंगल ओळखणारे. पण ते पोलीस शिपाई म्हणून भरती झालेले होते. वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन, खातेनिहाय चौकशी, सेवापुस्तिका, सारे इतर पोलिसांसारखे. सी-६० च्या चकमकींवरही आक्षेप आहेत आणि त्यांची चौकशी होणे योग्यच आहे. तथापि, शिपायाने चूक केली तर त्याच्यामागे जबाबदार अधिकाऱ्यांची एक साखळी उभी असते. मानधनावरच्या माणसामागे ती नसते; आज आहे, उद्या काढून टाकला. इंद्रावतीच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच समाजाच्या मुलांना दोन राज्यांनी दोन प्रकारे बंदूक दिली, याचा तौलनिक अभ्यास आपल्या पोलीस प्रबोधिनींत व्हायला हवा.

छत्तीसगडची गेल्या काही वर्षांतली यशोगाथा जिल्हा राखीव दलाच्या नावावर आहे. त्यातही स्थानिक तरुण आहेत आणि शरणागती पत्करलेले माओवादीही. अवमान याचिका निकालात निघाल्यानंतर सहा दिवसांनी, २१ मे २०२५ रोजी, याच दलाने नारायणपूरच्या जंगलात माओवादी पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशवराव याला ठार केले. ऑक्टोबरमध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, आणि दोनच दिवसांनी जगदलपूरला दोनशेहून अधिक माओवाद्यांनी दीडशेहून अधिक शस्त्रे खाली ठेवली. ही शस्त्रे मोजली गेली, त्यांची यादी झाली, छायाचित्रे निघाली.

दुसऱ्या बाजूच्या शस्त्रांचे काय? अमेरिकेत स्वसंरक्षणाचे कायदे सैल झाल्यावर काय झाले, याचा अभ्यास करणाऱ्या रँड संस्थेने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन सांगितले की, माघारीचे बंधन काढणारे कायदे अग्निशस्त्रांनी होणारे मनुष्यवध वाढवतात, याला पुष्टी देणारा पुरावा आहे. फ्लोरिडाने २०१७ मध्ये आणखी पुढे जाऊन बचावाचा दावा खोटा ठरवण्याचे ओझे सरकारी पक्षावर टाकले. एकदा दिलेली सूट मागे घेणारे राज्य तिथे विरळा. आसामच्या योजनेकडे मी याच भीतीने पाहतो. तिथे परवाना केंद्रीय कायद्याखालीच मिळणार आहे, त्यामुळे तांत्रिक आक्षेप कमी. पण ‘मूळनिवासी’ ही परवान्याची पात्रता ठरली, तर शेजारच्या ‘परक्या’ ठरवलेल्या माणसाच्या बचावाचा हक्क कोणत्या तराजूत तोलायचा? २०११ चा विशेष पोलीस अधिकारी आणि त्याचा शेजारी यांचीच ही नवी आवृत्ती आहे, आणि इथे तर गणवेशाचा आडपडदाही नाही.

छत्तीसगडपुरते बोलायचे तर काम तुलनेने सोपे आहे. केंद्राने नक्षलवादाच्या समाप्तीसाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली. २०११ च्या कायद्याच्या मुळाशी माओवादी हिंसाचाराचा मुकाबला हे कारण आहे. ते कारण संपले असे सरकार म्हणत असेल, तर कायदा कशासाठी चालू ठेवायचा, याचे उत्तर विधानसभेत द्यावे लागेल. माझ्या मते तीन गोष्टी सभागृहाच्या पटलावर आल्या पाहिजेत: या कायद्याखाली आजवर किती जणांना शस्त्र दिले, त्यांपैकी किती जण नियमित पोलीस सेवेत सामावले गेले, आणि जे गेले नाहीत त्यांची शस्त्रे कुठल्या ठाण्याच्या मालखान्यात, कोणत्या नोंदीने जमा आहेत. जे राहिले त्यांना पूर्ण वेतनावर शिपाई करावे, किंवा पुनर्वसनाची रक्कम आणि जिवाच्या संरक्षणाची लेखी हमी देऊन मोकळे करावे. शरण आलेल्या माओवाद्याला जे मिळते त्यापेक्षा त्यांना कमी मिळता कामा नये.

हथखोजच्या गनमॅनला निवडणुकीच्या काळात आपली दुनळी जमा करून पावती घ्यावी लागते, आणि निकाल लागल्यावर तीच पावती दाखवून ती परत आणावी लागते. बस्तरमध्ये वाटलेल्या प्रत्येक रायफलीची अशी एक पावती असली पाहिजे, आणि ती विधानसभेला बघता आली पाहिजे.